बोजा उतरलेले घर आणि चार खोट्या बांगड्या

आम्ही दोघे, तय्युळ्ळतिल पवित्रन, वय ६३, व्यवसाय शाळेची व्हॅन चालवणे, आणि त्यांची पत्नी वनजा, वय ५४, व्यवसाय शिवणकाम, राहणार पोयिलंकुन्न, तालुका वडकरा, जिल्हा कोळिक्कोड, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहोत. दोघांपैकी कोणीही मरायला टेकलेले नाही. आज दोघांचेही डोके ठिकाणावर आहे. जानेवारी २०१४ पूर्वी ते नव्हते, त्याचा पुरावा कलम तीनमध्ये आहे. आमच्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांची नावे पुढे योग्य त्या जागी येतील.

लिहिण्याचे काम वनजाकडे आहे, कारण पवित्रन यांचे अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही. त्यांच्या हरकती जिथल्या तिथे नोंदवल्या जातील.

कलम १. मिळकत. साडेअकरा सेंट (सुमारे साडेचार गुंठे) जमीन व तीवरील दुमजली घर. पूर्वेस पवित्रन यांचे थोरले बंधू भरतन यांच्या नारळी. पश्चिमेस कालवा. दक्षिणेस मशिदीकडे जाणारी वाट. उत्तरेस भरतन यांचीच खिडकी, जी गेल्या अकरा वर्षांत आमच्या माहितीप्रमाणे एकदाही बंद झालेली नाही.

सदर मिळकत निर्वेध असून तिच्यावर कोणाचाही, कसलाही बोजा नाही. हे वाक्य आम्ही दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचले. खिडकी उघडी होतीच.

बँकेने १८ सप्टेंबर २०२५ रोजी खरेदीखत आम्हाला परत दिले. ते कुठे ठेवले आहे हे इथे लिहीत नाही. आमचा एकुलता मुलगा निधीष, वय ३१, याने त्याच संध्याकाळी एर्नाकुळमहून वडिलांना, म्हणजे त्याच्या अच्छनला, फोन करून विचारले, "अच्छा, कागद मोकळा झाला ना? मग मला एखाद्या वर्षासाठी द्या. इंग्लंडचं जमतंय." मॅनेजरनेही सांगितले, की मुलगा दोनदा चौकशी करून गेला होता. आम्ही अजून हप्ते भरत होतो तेव्हाच.

या घरावर पुन्हा बोजा चढू नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीच्या वस्तू ओघाने आल्या आहेत.

कलम २. बोजा कसा चढला. वारसांना माहीत असावे म्हणून लिहितो. पवित्रन शारजात एकोणीस वर्षे एका किराणा गोदामाचे व्यवस्थापक होते. २००९ साली त्यांनी हे घर बांधले. दर्शनी भागाला चार खांब आहेत. ते कशालाही आधार देत नाहीत. थोरल्या भावाच्या, भरतनएट्टनच्या, घराला दोन होते, म्हणून आम्हाला चार.

हरकत (पवित्रन): "खांब तूच पसंत केले होतेस."
मान्य. मला वाटले होते, पैसे आहेत.

२०११ साली गोदाम बंद पडले आणि पवित्रन सहा खोकी व एक घड्याळ घेऊन परत आले. बँकेचा हप्ता चालू होता, निधीषच्या इंजिनियरिंगच्या जागेचे पैसे भरायचे होते. पवित्रन म्हणाले, "शारजाहून हिशेब येणार आहे, काळजी करू नकोस." मी म्हणाले, "शिवणावर घर चालतंय, तुम्ही काळजी करू नका." हिशेब येणार नव्हता आणि शिवणावर मिठाचा पुडाही येत नव्हता. ते एका सावकाराकडून उचलत होते, मी दुसरीकडे सोने ठेवत होते. एकमेकांची काळजी मिटावी म्हणून आम्ही घराला दोन्ही टोकांनी आग लावली होती आणि मधे बसून आनंदाने जेवत होतो.

कलम ३. चार बांगड्या. आमच्या कपाटात, लाल मखमली डबीत, चार रुंद बांगड्या आहेत. त्या पवित्रन यांचे बंधू भरतन आणि वहिनी सुजाता यांना समाईक द्याव्यात. त्यांचा इतिहास असा.

जानेवारी २०१४, मंगळवार. वडकऱ्याच्या जुन्या बसस्थानकामागे सोन्यावर कर्ज देणारी एक पेढी होती. मी सकाळच्या बसने व्याज भरायला गेले. घरी सांगितले होते, अस्तराचे कापड आणायला जाते. टोकन घेऊन बाकावर बसले, तर काउंटरशी पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातली एक ओळखीची पाठ उभी. पुढ्यात माझी मखमली डबी.

सोने घासणाऱ्या माणसाने बांगडी दगडावर घासली, थेंब टाकला, पुन्हा घासली.

"सर, हे सोनं नाही. मुलामा आहे."

"नीट बघा. माझ्या बायकोच्या लग्नातल्या बांगड्या आहेत."

"लग्नातल्या असतील. सोन्याच्या नाहीत."

"तुम्ही माझ्या सासऱ्यांना खोटारडं म्हणताय."

आता माझ्या मेलेल्या वडिलांची अब्रू आली, म्हणून मला उठावे लागले. मी पुढे जाऊन पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "अच्छनची काही चूक नाही. खऱ्या इथेच आहेत, आतल्या तिजोरीत. दीड वर्ष झालं. घरात दिसायला हव्यात म्हणून या आणून ठेवल्या."

पवित्रन यांनी डबी मिटली. मग म्हणाले, "अस्तराचं कापड मिळालं का?"

"तुम्हाला शारजाचा हिशेब मिळाला का?"

मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "तुमचं घरचं घरी मिटवा, आमचा नंबर आहे."

आम्ही ते घरी मिटवले नाही. स्थानकासमोरच्या गाड्यावर लिंबाचे सरबत घेतले आणि बाकावर बसून एकमेकांना सगळे सांगितले. पोयिलंकुन्नच्या तीन बस समोरून गेल्या. चौथी आली तेव्हा सांगण्यासारखे दोघांकडेही काही उरले नव्हते आणि बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच भूक लागल्याचे दोघांनी एकदम कबूल केले.

याच बांगड्या घालून मी पुढच्याच महिन्यात भरतनएट्टनच्या मुलीच्या लग्नात मिरवले होते. थोरल्या जाऊ सुजाताएडत्ती माझा हात धरून बायकांना म्हणाल्या, "बघा, सोनं सांभाळावं ते आमच्या वनजेनं." त्यानंतर आठवड्याने पवित्रन यांनी भावाकडे वीस हजार उसने मागितले. भरतनएट्टन म्हणाले, "हळू बोल, सुजाता ऐकेल. घराण्याची अब्रू आहे." अब्रू होती, वीस हजार नव्हते. तरी एडत्तीनी तेव्हा इतके कौतुक केले, म्हणून बांगड्या त्यांनाच. अकरा वर्षांत रंग उडालेला नाही.

हरकत (पवित्रन): "माझा सख्खा भाऊ आहे. एवढं कशाला?"
हरकत फेटाळली. मत मांडायचे असल्यास भरतनएट्टन खिडकीतून मांडू शकतात.

कलम ४. टेबल. हे मृत्युपत्र ज्यावर लिहिले जात आहे ते टेबल. त्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही बँकेचा कागद, सावकाराची चिठ्ठी, सोन्याच्या पावत्या, कॉलेजची थकबाकी, सगळे यावर पसरले. आकडा आला एकवीस लाख नव्वद हजार. तेव्हा नियम ठरला. दर रविवारी न्याहारीनंतर एकाने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे आणि ऐकणाऱ्याने तोंड वेडेवाकडे करायचे नाही. शेवटचा नियम माझ्यासाठी होता.

पहिल्याच रविवारी वर्तमानपत्रातून दोन पत्रिका टेबलावर पडल्या. गावातल्या दोघांचे पयट्टु त्याच आठवड्यात होते.

आमच्याकडे अडलेला माणूस चहाच्या दुकानात पयट्टु ठेवतो. गाव येते, चहा-केळे घेते, हातात पाकीट ठेवते आणि नाव व रक्कम वहीत चढते. पुढे देणाऱ्याचा पयट्टु असेल तेव्हा आपण ती रक्कम वर भर घालून परत न्यायची. न नेणाऱ्याचे नाव कोणी फळ्यावर लिहीत नाही, पण त्याच्या घरच्या लग्नाला वाढपी मिळत नाहीत.

मी विचारले, "आपणही मागच्या वर्षी ठेवला होता ना? तो या यादीत कुठे आहे?"

पवित्रन म्हणाले, "पयट्टु म्हणजे कर्ज कसं? तो स्नेह असतो."

"स्नेहाचा आकडा किती?"

"चार लाख बारा हजार."

"आणि माणसं?"

"एकशे त्रेसष्ट."

मी तोंड वेडेवाकडे केले. पहिल्याच रविवारी नियम मोडला. या मुलखात जन्मलेला कोणीही हीच चूक करील. बँकेचे पै न पै लिहील आणि गावाचे लिहायचे विसरेल. मग मी विचारले, ते पैसे हप्त्याला का भरले नाहीत. पवित्रन बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर घातलेली नव्हती. ते पैसे वरच्या मजल्याच्या संगमरवरात गेले होते. ज्यांनी दिले त्यांना आपण बुडत्या माणसाला दिले असे वाटू नये, म्हणून.

टेबल कोणाला द्यायचे ते कलम नऊमध्ये आहे.

कलम ५. संगमरवर. तो उचलून देता येत नाही, म्हणून फक्त हकिगत. फेब्रुवारी २०१४ मध्ये आम्ही गाडी विकली, खालच्या मागच्या खोलीत राहायला आलो आणि वरचा मजला बंगालमधून आलेल्या नऊ गिलावा करणाऱ्या मजुरांना भाड्याने दिला. त्यातल्या दोघांनी तोच संगमरवर बसवला होता. पहिल्या दिवशी त्यांनी चपला जिन्याखाली काढल्या आणि कोपऱ्यातली एक फरशी वाजवून सांगितले, "ही तेव्हाच पोकळ बसली होती. मालकांना घाई होती."

भरतनएट्टन त्याच दिवशी आले. या वेळी दारातून. "गल्फच्या माणसाच्या घरात मजूर? खाली तुम्ही, वर ते? लोक काय म्हणतील?"

मी म्हणाले, "लोक हप्ता भरतात का, विचारून सांगा."

"मोहरीच्या तेलाचा वास माझ्या घरापर्यंत येतो."

"खिडकी लावा."

"पवित्रा, बायकोला आवर."

पवित्रन तेव्हा पुढच्या व्हरांड्यात, चार खांबांच्या मधोमध, मांडीवर गाऊनचा ढीग घेऊन बटणे लावत होते. सुईतून दोरा न काढता ते म्हणाले, "एट्टा, ते पाच तारखेला भाडं देतात. तुम्ही ओणमला चौघं जेवायला येता, त्याचं आम्ही कधी मागितलं नाही."

त्या दिवशी मला नवरा नव्याने आवडला. हे कायदेशीर वाक्य नाही, पण खोडणार नाही.

कलम ६. शिलाई मशीन. पायाचे, बिडाच्या स्टँडचे, माझ्या आईचे. यावर अकरा वर्षांत शिवलेल्या गाऊनची मोजदाद मी केलेली नाही, बटणांची पवित्रन यांनी केली आहे व ते कोणालाही सांगायला तयार असतात. सकाळी आठ ते दहा आणि तीन ते पाच व्हॅन, उरलेला वेळ काज-बटण, तेही पुढच्याच व्हरांड्यात. मी म्हणायचे, आत बसा. ते म्हणायचे, "मागे लपूनच एवढं झालं. आता पुढे बसतो." ज्यांना बघायचे होते त्यांनी बघितले. काही जणांनी मग फाटके कपडेही आणले.

मशीन आमच्या पश्चात सून हरिता हिला द्यावे. बटणांचा डबा मशीनबरोबर. पवित्रन गेले तरी डबा मशीनपासून तोडू नये.

कलम ७. पयट्टुच्या वह्या, दोन नग. एकशे बासष्ट नावांवर रेघ आहे. सुरुवातीला पवित्रन पाकीट नेत. २०१६ मध्ये त्यांना व्हॅनमुळे जमेना, तेव्हा मी गेले. कणारन यांच्या चहाच्या दुकानात चाळीस पुरुष बसले होते. बायका पयट्टुला जात नाहीत. मी आत गेले. कोणीतरी म्हणाले, "पवित्रन आजारी आहे का?"

मी म्हणाले, "नाही. कर्ज दोघांचं आहे, आज माझी पाळी आहे."

कणारनएट्टन पुढे आले आणि बाक पुसून म्हणाले, "वनजेला चहा द्या. पाकीट आणणाऱ्याला चहा, असा नियम आहे. पाकीट साडीतून आलं की लुंगीतून, ते कुठं लिहिलेलं नाही." मी चहा बसून प्यायले. केळेही खाल्ले. वर आणखी एक मागितले.

रेघ नसलेले एकशे त्रेसष्टावे नाव याच कणारन यांचे आहे. पाचशे एक रुपये. दुसऱ्यांचे पयट्टु आयुष्यभर स्वतःच्या दुकानात भरवून या गृहस्थांनी स्वतःचा एकदाही ठेवलेला नाही, त्यामुळे परत करायची वाट नाही. आमच्या वारसांनी त्यांना किंवा त्यांच्या मुलींना एक हजार दोन रुपये पोचते करावेत.

साक्षीदाराची हरकत (कणारन, वय ७८): "मी घेणार नाही."
हरकत नोंदवली. तुम्ही पयट्टु ठेवा.
"मला काही अडलेलं नाही."
मग हे नाव वहीत राहील आणि तुम्हाला आमच्या नातवंडांनाही चहा पाजावा लागेल.

कलम ८. अंत्यविधी. अंगणातला आंबा तोडू नये. मयतासाठी घरचा आंबा तोडतात हे आम्हाला माहीत आहे, पण त्याच्या कैऱ्यांच्या लोणच्यावर आम्ही जगलो आहोत. वडकऱ्याच्या गॅसच्या दाहिनीत न्यावे. उसने काढून जेवणावळ घालू नये. घातल्याचे कळले तर आम्ही कुठे असू तिथून ऐकवू. पवित्रन यांना तो पांढरा शारजाचा शर्ट घालू नये, व्हॅनचा खाकी घालावा. हे त्यांनी स्वतः सांगितले.

कलम ९. घर व टेबल. आम्हा दोघांपैकी एक जाईल तेव्हा सर्व दुसऱ्याचे. दोघेही गेल्यावर घर आणि टेबल निधीष व हरिता यांना समाईक, समसमान. घर गहाण टाकायची वेळ आलीच, तर आधी दोघांनी या टेबलाशी बसून आपापली कर्जे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावीत व तसे लिहून सह्या कराव्यात. एकाच्या सहीने या घराची एक वीटही गहाण पडू नये.

निधीष, आता तुझ्याशी. २२ सप्टेंबरला दुपारी वसुलीवाल्याचा फोन तुझ्या अच्छनच्या मोबाईलवर आला. कर्ज घेताना तू त्यांचा नंबर दिला होतास. त्या माणसाने आकडा सांगितला. मग आणखी एकाचा फोन आला, त्याने वेगळा सांगितला. आकडे आम्ही इथे लिहीत नाही, ते तू लिहायचे आहेत. इंग्लंड कशासाठी हवे आहे तेही तेव्हा कळले. हरिताला यातले काही माहीत नाही. ओणमला तिने नव्या फ्रिजबद्दल ज्या आनंदाने सांगितले, ती माहीत असलेल्या बाईची रीत नव्हती.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. आम्हाला तेवढी सवड नाही. हे मृत्युपत्र येत्या रविवारी, १२ ऑक्टोबरला, न्याहारीचा वाफवलेला पुट्टु आणि चण्याची आमटी झाल्यावर, याच टेबलाशी वाचले जाईल आणि हरिता ते वाचेल, कारण तिचा आवाज स्वच्छ आहे. या कलमात काय आहे ते तुला अच्छनने आज फोनवर सांगितले आहे. तू म्हणालास, "अम्मा असं करणार नाही." अम्मा करणार आहे. हरिताला तुझ्याकडून कळावे की माझ्या अक्षरातून, ते तू ठरव. तीन दिवस आहेत. आम्हाला अडीच वर्षे आणि एक सोने घासणारा माणूस लागला होता.

हरकत (पवित्रन): नाही. त्यांनी हे कलम दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि "रविवारी पुट्टु जास्त कर" एवढेच म्हणाले.

वरील सर्व मजकूर आम्ही एकमेकांना वाचून दाखवला, तो दोघांना समजला, आणि या संसारात दोघांना एकाच वेळी सगळे माहीत असलेला हा एकमेव कागद नाही, याचा आम्हाला अभिमान आहे.

ठिकाण: पोयिलंकुन्न. गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५.

सही: टी. पवित्रन
सही: वनजा पवित्रन

आमच्यासमोर दोघांनी सह्या केल्या, भांडत असले तरी शुद्धीवर होते:
१. कणारन, चहाचे दुकान, पोयिलंकुन्न
२. कुंडुतोडी रुखिया, पंचायत सदस्य

पुरवणी. रविवार, १२ ऑक्टोबर २०२५.

निधीष व हरिता साडेनऊला आले. पुट्टु दोघांनीही नीट खाल्ला नाही. हरिताने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. बांगड्यांपाशी ती हसली. नवव्या कलमाशी आली तेव्हा थांबली नाही, आवाजही बदलला नाही. शेवटच्या सहीपर्यंत वाचून तिने कागद खाली ठेवला आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला.

"अम्मा, त्यानं शुक्रवारी सांगितलं. शनिवारी मी बोललेच नाही. रात्री ही यादी केली."

यादी दोन अक्षरांत होती. सात ओळी निधीषच्या. आठवी तिची होती: तीन पवन (चोवीस ग्रॅम) सोने, गहाण, मार्चपासून. ती म्हणाली, "याला वाटत होतं, मला काही कळत नाही. मला कळत होतं, म्हणून तर ठेवलं. भाडं तुंबलं होतं."

निधीष टेबलाकडे बघत म्हणाला, "मला माहीत नव्हतं, अच्छा."

पवित्रन लेकीला हाक मारावी तसे हरिताला म्हणाले, "सोन्याच्या जागी काय ठेवलंस, मोळे?"

"काहीच नाही. डबीला कुलूप लावलं."

"हुशार आहेस. आमच्या वेळी हे सुचलं नाही."

बेरीज अकरा लाख ऐंशी हजार. पवित्रन यांनी विचारले, "पयट्टु कुठले धरले का?" निधीष म्हणाला, "एर्नाकुळमला पयट्टु नसतो." मग म्हणाला, "मित्रांचे आहेत. ते कर्जात कसे धरणार?" मी पेन त्याच्या हातात दिले. बेरीज बारा लाख पंचवीस हजार झाली.

खरेदीखत कोणी मागितले नाही. निधीषने फक्त विचारले, वरचा मजला रिकामा आहे का. जूनपासून आहे. तो म्हणाला, आम्ही वर राहायला येतो, मी आठवड्याचे पाच दिवस तिकडे मित्राकडे राहीन, हरिताला वडकऱ्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत काम मिळेल, तिकडचे भाडे वाचेल. मी भाडे सांगितले.

"अम्मा, मुलाकडून भाडं?"

"नऊ गिलावेवाले पाच तारखेला देत होते. तू इंजिनियर आहेस, चार तारखेला दे."

खिडकीतून भरतनएट्टन म्हणाले, "वनजे, सख्ख्या मुलाला भाडं लावतेस?" हरिता उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि चुलतसासऱ्यांना म्हणाली, "वलियच्छा, आम्हीच ठरवलंय." मग परत येऊन बसली. मी तिच्या वाटीत आणखी आमटी वाढली.

निघण्याआधी तिने विचारले, "मशीन तुम्ही गेल्यावरच मिळणार का?"

त्यावर आम्ही दोघांनी विचार करून कलम सहामधले 'आमच्या पश्चात' हे शब्द खोडले. खोडल्याबद्दल दोघांच्या सह्या शेजारी केल्या आहेत. बटणांचा डबा पवित्रन यांनी स्वतः वर नेऊन ठेवला. मशीनचा स्टँड बिडाचा आहे, जिना अरुंद, वळणाशी तो अडतो. निधीष एकटाच उचलायला गेला आणि तिसऱ्या पायरीवर टेकला. मग हरिताने पदर खोचून दुसरी बाजू धरली.

सही: टी. पवित्रन
सही: वनजा पवित्रन
साक्ष: कणारन (त्यांनी पुट्टुचे पैसे देऊ केले, आम्ही घेतले नाहीत)